टोमास रोसिकी: थोर मिडफिल्डर, की नुसतं ‘जर-तर’?

अर्धवेळप्रेक्षक

मंडळी, एका वादाचा निकाल लावून हवा आहे. मी फुटबॉल बघायला लागलो 2018च्या वर्ल्ड कपपासून. माझा मोठा मामेभाऊ लंडनच्या आर्सेनल क्लबचा जुना चाहता. त्याच्यासमोर मिडफिल्डरांचा विषय निघाला की तो ओडेगार्ड, डी ब्रॉयने वगैरे ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, “ठीक आहे, पण तू रोसिकी पाहिला नाहीस.” वाक्य संपतं, चर्चाही संपते.

म्हणून मी या चेक मिडफिल्डरचे आकडे काढले. आर्सेनलमध्ये दहा मोसम, सगळ्या स्पर्धा धरून 246 सामने, 28 गोल. म्हणजे वर्षाला सरासरी पंचवीसेक सामने आणि तीनसुद्धा गोल नाहीत. शेवटच्या मोसमात तर एकच सामना. हे भावाला दाखवलं तर म्हणाला, “आकडे बघून गाणं ऐकतोस का?” आता यावर काय बोलायचं!

ज्यांनी त्याला खरंच खेळताना पाहिलंय त्यांनी सांगा, हा माणूस थोर होता, की दुखापती झाल्यामुळे लोकांना थोर वाटतो? न खेळलेल्या सामन्यांत कुणीच वाईट खेळत नाही, म्हणून विचारतोय. आणि दुखापत नेमकी होती तरी काय? एक मोसम बुडाला हे समजू शकतो, पण हे प्रकरण दहा वर्षं चाललेलं दिसतं.

---

उजवीबगल

सरळ सांगतो, काचेचा माणूस. चेक मिडफिल्डर म्हटलं की माझ्यापुरता एकच, पावेल नेदव्हेद. 2003चा बॅलन डोर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार. त्याचा इटालियन क्लब युव्हेंटस सेरी बीमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, गेला तेव्हा बुफॉन, देल पिएरोसोबत तोही थांबला आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी दुसऱ्या श्रेणीतल्या मैदानांवर पोरासारखा पळाला. उपलब्ध असणं हीसुद्धा गुणवत्ताच असते. रोसिकी सुंदर होता, मान्य. पण सुंदर माणूस शनिवारी दुपारी तीन वाजता मैदानावर दिसला पाहिजे ना?

---

लेटनाकर

आधी नावाचं बघू, कारण दोघांनीही चुकवलंय. ‘रोसिकी’ नव्हे. चेक भाषेतला साधा c म्हणजे आपल्या चोर, चूल, चाक यांतला च. त्याच्या डोक्यावर छोटी टोपी चढली की तो होतो चहातला, चिंचेतला च. म्हणजे गोलकीपर चेखचा च चहाचा आणि याचा च चोराचा. इंग्रज समालोचकांची जीभ दहा वर्षं या नावावर घसरत राहिली. आपल्याकडे दोन्ही च जन्मापासून आहेत, फक्त आपण दोघांना एकच अक्षर देतो आणि चेक लोक दोन देतात. कुणी चुकून चहाचा च लावू नये म्हणून मी ‘रोसित्स्की’ लिहितो. कामानिमित्त 2015 ते 2019 प्रागमध्ये होतो, आणि पहिल्या महिन्यात ऑफिसातल्या लोकांनी माझं कौतुक केलं ते एवढ्या एका उच्चारासाठी. बाकी माझं चेक ऐकून ते आपणहून इंग्रजीवर यायचे.

तिथे त्याला ‘रोसा’ म्हणतात. चेकमध्ये रोसा म्हणजे दव. उजवीबगल, यावर तुम्ही काय विनोद करणार ते मला कळलंय. करू नका.

आता मुद्द्यावर येतो. अर्धवेळप्रेक्षक, तुम्ही हिशेब आर्सेनलपासून सुरू केलात. तिथे तो गेला 2006 साली, पंचविसाव्या वर्षी. त्याच्या आधीची गोष्ट तुमच्या तक्त्यात नाहीच.

जन्म 1980चा, प्रागचा. वडील तिथल्याच स्पार्ता क्लबचे खेळाडू, थोरला भाऊही फुटबॉलवाला. सातआठ वर्षांचा असताना स्पार्ताच्या पोरांच्या संघात आला आणि अठराव्या वर्षी मोठ्या संघात. 2000च्या युरोत, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत, चेक संघाकडून उतरला तेव्हा वय 19. जानेवारी 2001मध्ये जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंडनं त्याच्यासाठी अडीच कोटी मार्क मोजले, जर्मन लीगमधली तोवरची ती सर्वांत महाग खरेदी. वीस वर्षांचा, अंगावर मांस नसलेला मुलगा! तिथल्या प्रेक्षकांनी त्याचं नाव ठेवलं ‘श्नित्सेल’ (मांसाचा पातळ तळलेला काप), म्हणजे बाबा रे, जरा खात जा. पुढच्याच मोसमात, 2002च्या मे महिन्यात, डॉर्टमुंडनं शेवटच्या दिवशी ब्रेमेनला 2-1 हरवून लीग जिंकली. शेवटपर्यंत शर्यतीत असलेल्या लेव्हरकुझेनच्या हातातून ती निसटली. चारच दिवसांनी युएफा कप या युरोपीय क्लब स्पर्धेची फायनल, तीही प्रतिस्पर्धी फेयेनूर्डच्या घरच्या मैदानावर. डॉर्टमुंड 3-2 हरलं. रोसित्स्की तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि त्या संघाचा खेळ त्याच्या पायातून सुरू व्हायचा.

यात ‘जर-तर’ कुठे आहे? हे घडून गेलेलं आहे.

मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिला तो 2006च्या वर्ल्ड कपमध्ये, 12 जूनला, गेल्सेनकिर्शनला, अमेरिकेविरुद्ध. पाचव्या मिनिटाला चेक संघाच्या कोलरनं डोक्यानं गोल केला होता. 36व्या मिनिटाला बचावफळीनं अर्धवट बाहेर काढलेला चेंडू याच्याकडे आला. गोल तीसेक यार्डांवर. मला वाटलं, थांबवेल, मान वर करून बघेल. पठ्ठ्यानं तो तसाच मारला, आणि चेंडू वर न चढता सरळ रेषेत गेला. मध्यंतरानंतर एक फटका क्रॉसबारवर आदळला. 76व्या मिनिटाला नेदव्हेदच्या पासवर एकटा सुटला आणि पुढे आलेल्या गोलकीपर केलरवरून चेंडू अलगद उचलून जाळ्यात ठेवला. 3-0. त्या रात्री मी खात्रीनं सांगत होतो की चेक संघ सेमीफायनल खेळणार. पुढे? कोलर त्याच सामन्यात मांडी धरून स्ट्रेचरवरून गेला होता. घानाकडून 0-2, इटलीकडून 0-2, दोन्ही सामन्यांत एकेक लाल कार्ड, आणि सामान घरी. रोसित्स्कीच्या वाट्याला आलेला वर्ल्ड कप हा एवढाच. 2010 आणि 2014ला चेक संघ पात्रच ठरला नाही. हे त्याच्या दुखावलेल्या मांडीचं पाप नव्हे.

मांडीवर येतोच. 26 जानेवारी 2008, इंग्लंडचा एफए कप, न्यूकॅसलविरुद्ध. सुरुवातीच्या काही मिनिटांतच तो बाहेर आला. बातम्या आल्या काही आठवड्यांच्या. परतला तो 12 सप्टेंबर 2009ला. म्हणजे एकोणीस महिने. ‘अजून तीन आठवडे’ हे वाक्य त्या काळात मी इतक्या वेळा वाचलं की त्यावरचा विश्वासच उडाला. आणि परत आला तो मँचेस्टर सिटीविरुद्ध बदली म्हणून, आणि गोल केला. तो सामना आर्सेनल 4-2 हरलं आणि जगाला आठवतो तो आर्सेनल सोडून सिटीत गेलेला अडेबायोर, जो आपल्या जुन्या प्रेक्षकांसमोर आनंद साजरा करायला मैदानभर धावत गेला. रोसाचा गोल बिचारा त्या गोंधळात हरवला.

पण या एकोणीस महिन्यांत काय गेलं ते बघा. 2007-08चं ते आर्सेनल, फाब्रेगास, फ्लामिनी, ह्लेब आणि हा. फेब्रुवारीत लीगमध्ये पाच गुणांनी पुढे होते. मग बर्मिंगहॅममध्ये आर्सेनलच्या एदुआर्दोचा पाय मोडला, संघाचं अवसान गेलं, आणि शेवटी 83 गुणांवर तिसरे. विजेते मँचेस्टर युनायटेड 87. माझा भाबडा हिशेब असा की फरक चार गुणांचा होता आणि रोसा खेळला असता तर दोन बरोबऱ्यांचे विजय झाले असते. हो, हे ‘जर-तर’च आहे, पकडा मला. त्याच उन्हाळ्यात युरो हुकलं. चेक संघ तुर्कस्तानविरुद्ध 2-0नं पुढे असताना शेवटच्या पंधरा मिनिटांत 3-2 हरला. चेखच्या हातून चेंडू सुटला तो सामना. तेव्हा चेंडू पायाशी धरून वेळ काढणारा एक माणूस हवा होता. तो घरी बसून टीव्ही बघत होता.

आता तो खेळायचा कसा? हे आकड्यांत येत नाही म्हणून जरा पाल्हाळ लावतो. त्याचं हत्यार म्हणजे उजव्या पायाची बाहेरची कड. लोकांना ती नजाकत वाटायची. मला ती काटकसर वाटते. आतल्या कडेनं पास द्यायचा तर कंबर उघडावी लागते, आणि चांगला बचावपटू चेंडूकडे नव्हे, कंबरेकडे बघत असतो. बाहेरच्या कडेनं मारताना कंबर वळतच नाही. धावता धावता, त्याच पावलात पास निघून जातो, आणि समोरच्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्यामुळे तो मैदानात आला की आर्सेनलचा खेळ एकदम दुप्पट वेगानं सुरू झाल्यासारखा दिसायचा. सगळे जण एरवीपेक्षा अर्धा सेकंद आधी पास द्यायला लागायचे, कारण हा अर्धा सेकंद आधी जागेवर असायचा.

दुसरी गोष्ट व्हिडिओवाले दाखवतच नाहीत. तो चेंडू हिसकावून घ्यायला धावायचा. नाजूक, केस मागे बांधलेला, फावल्या वेळात गिटार वाजवणारा माणूस, आणि घसरून टॅकल करायचा बचावपटूसारखा. मला तर वाटतं शरीराला हेच महाग पडलं. जरा आळशी असता तर आणखी शंभर सामने खेळला असता.

उजवीबगल, उपलब्धतेचा तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. नेदव्हेद नेदव्हेदच. पण देशाकडून नेदव्हेदचे 91 सामने, रोसित्स्कीचे 105. काचेच्या माणसाचे एकशे पाच! पहिलं युरो एकोणिसाव्या वर्षी, शेवटचं पस्तिसाव्या. 2004च्या युरोत सेमीफायनलला ग्रीसविरुद्ध सुरुवातीलाच याचा फटका बारवर लागला होता. तो दोन बोटं खाली असता तर… बघा, परत तेच. या माणसाबद्दल बोलताना ही सवय सुटत नाही.

आता लेटनाबद्दल, माझं टोपणनाव तिथलंच आहे. स्पार्ताचं मैदान प्रागच्या लेटना भागात. समोरच्या ट्राम थांब्याचं नावच स्पार्ता. 2016च्या ऑगस्टमध्ये रोसा परत येणार म्हटल्यावर आमच्या ऑफिसात प्रतिस्पर्धी स्लाव्हियाचे पाठीराखे सोडून सगळे हळवे झाले. पहिल्या मोसमात तो जेमतेम एका सामन्यात काही मिनिटं दिसला आणि परत दुखापत. 2017च्या शरदात मी दोनदा गेलो. एकदा यादीत नावच नव्हतं. थंडीत क्लोबासा (तिथला सॉसेज) खाल्ला, बिअर घेतली, परत आलो. दुसऱ्यांदा तो खेळला.

त्या दिवशी मी जास्त करून शेजारच्या म्हाताऱ्याकडे बघत होतो. गळ्यात लाल मफलर, हातात बिअरचा प्लॅस्टिकचा ग्लास. रोसाकडे चेंडू गेला की हा ग्लास पायाशी ठेवायचा. चेंडू दुसऱ्याकडे गेला की परत उचलायचा. पूर्ण वेळ असंच. मी मोडक्यातोडक्या चेकमध्ये विचारलं, तुम्ही याचे वडीलही खेळताना पाहिलेत का? तो म्हणाला, “पाहिले. पोरगा बरा आहे.” आणि एवढा हसला की ग्लास लवंडला.

20 डिसेंबर 2017ला त्यानं निवृत्ती जाहीर केली. शरीर आता या पातळीच्या खेळाची तयारी करू देत नाही, असं काहीसं म्हणाला. वर्षभरानं स्पार्ताचा स्पोर्टिंग डायरेक्टर झाला. सुरुवातीची वर्षं लोकांनी शिव्याही घातल्या, कारण लीग येत नव्हती. मग डेन्मार्कचा ब्रायन प्रिस्के कोच म्हणून आणला आणि 2023ला नऊ वर्षांनी लीग आली, 2024ला लीग आणि कप दोन्ही. मी तोवर प्राग सोडलं होतं. जुन्या सहकाऱ्यानं फटाक्यांच्या धुराचा फोटो पाठवला, त्यात काहीही दिसत नव्हतं. बराच वेळ बघत बसलो.

---

मांडीपोटरी

दुखापतीचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. मी फिजिओ आहे. त्याला तपासलेलं नाही, त्यामुळे त्याच्या पायाचं निदान करत नाही, हा प्रकार सर्वसाधारणपणे कसा असतो तेवढं सांगतो.

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचे तीन स्नायू. वर ते बसण्याच्या हाडाला आणि खाली गुडघ्याच्या मागे दोन्ही बाजूंना कंडरांनी बांधलेले असतात. मधला मांसल भाग फाटला तर बऱ्याचदा काही आठवड्यांत माणूस पळायला लागतो. कंडरेला मार लागला तर गोष्ट वेगळी. तिला रक्तपुरवठा कमी, म्हणून भरून येणं संथ. त्यात फसवणूक अशी की चालताना, हलकं धावताना काहीच दुखत नाही. पूर्ण वेगात पाय पुढे फेकून जमिनीवर टेकण्याच्या आधीचा जो क्षण असतो, तेव्हा हॅमस्ट्रिंग लांबत असतानाच ताणला जातो, आणि तिथे सगळं उघड होतं. म्हणून ‘अजून तीन आठवडे’ दर तीन आठवड्यांनी ऐकायला मिळतं. कुणी खोटं बोलत नसतं. शेवटच्या पायरीवर गाडी परत परत अडते.

आणि हॅमस्ट्रिंग परत दुखावण्याचं सर्वांत भरवशाचं भाकीत म्हणजे तो आधी दुखावलेला असणं. शिवाय एक भाग जपायला शरीर दुसऱ्यावर भार टाकतं. 2012च्या युरोत ग्रीसविरुद्ध तो मध्यंतराला बाहेर गेला तो टाचेच्या वरच्या कंडरेमुळे, आणि उरलेली स्पर्धा हुकली. दोन्हींचा थेट संबंध होता असं मी म्हणणार नाही. एकोणीस महिने पूर्ण वेगानं न धावलेल्या खेळाडूच्या कंडरा मात्र नव्यासारख्या नसतात.

मी स्वतः चौतिसाव्या वर्षी हौशी सामन्यात हॅमस्ट्रिंग फाडून घेतला. धंदा हाच असूनही सहाव्या आठवड्यात घाई केली आणि परत पहिल्या पायरीवर आलो. लोक ‘काचेचा’ म्हणतात तेव्हा मला राग येत नाही, पण काच एकदाच फुटते. हा माणूस दहा वर्षं परत परत उभा राहून पूर्ण वेगात धावायला गेला.

---

उजवीबगल

बरं बाबा, काच मागे घेतो. 105चा आकडा मला माहीत नव्हता. बॅलन डोर मात्र मागे घेणार नाही.

---

अर्धवेळप्रेक्षक

लेटनाकर, मांडीपोटरी, मनापासून आभार. भावाला धागा पाठवला. त्याचं उत्तर: “मी काय म्हणत होतो?” म्हणजे तो आता आणखी असह्य होणार.

एक विनंती. पूर्ण कारकीर्द बघायला वेळ नाही. एकाच संध्याकाळी बघून होईल असं काही सुचवाल का? आणि फक्त गोल नकोत, तो बाहेरच्या कडेचा प्रकार बघायचाय.

---

लेटनाकर

22 फेब्रुवारी 2014, आर्सेनल-संडरलंड, 42व्या मिनिटापासून. स्वतः चाल सुरू करतो, विल्शर, काझोर्ला, जिरू यांच्यात चेंडू टकाटक फिरतो आणि शेवटी हाच आत घुसून गोलकीपर मानोनेवरून चेंडू उचलतो. तेहतीस वर्षांचा होता. त्यानंतर तीन आठवड्यांनी टॉटनहॅमच्या मैदानावर बहात्तराव्या सेकंदाला मारलेला गोल बघा. सामना 1-0नं संपला, म्हणजे बाकीची एकोणनव्वद मिनिटं सोडलीत तरी चालेल. भावाला विचारून 2012चा टॉटनहॅमविरुद्धचा 5-2ही बघा. 0-2नं मागे पडून बरोबरी साधल्यावर तिसरा, म्हणजे आघाडीचा गोल याचा.

पण एकच बघायचं असेल तर 17 जून 2016, सेंत एतिएन, युरो, चेक संघ विरुद्ध क्रोएशिया. क्रोएशिया 2-0नं पुढे. रोसा पस्तीस वर्षांचा. आख्ख्या मोसमात क्लबकडून एक सामना खेळलेला, तोही बर्नलीविरुद्ध बदली म्हणून, आणि त्यातही दुखापत. 76व्या मिनिटाला उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं असा क्रॉस टाकतो की श्कोडाला फक्त डोकं लावायचं उरतं. कंबरेकडे लक्ष ठेवा, वळत नाही. नंतर प्रेक्षकांतून मैदानावर पेटत्या नळकांड्या आल्या, खेळ थांबला, आणि इंजुरी टाइममध्ये नेत्सिदनं पेनल्टीवर 2-2 केलं.

शेवटच्या मिनिटांत रोसा लंगडतोय हे दिसेल. तिन्ही बदल संपलेले होते म्हणून मैदानातच राहिला. देशाकडून तो त्याचा शेवटचा सामना.

नेत्सिदमधला त्स पण चोरातलाच च आहे. भावाला सांगा.